लक्षद्वीपचे अर्थकारण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी लक्षद्वीपला भेट दिली. तेव्हापासून या बेटांविषयी मराठी वाचकांचे कुतूहल वाढले आहे, आणि सहलीची चौकशी करता करता पुष्कळ जण तेथील लोकांच्या पोटापाण्याविषयीही विचारू लागले आहेत. वारंवार आलेल्या अशा प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असल्यास त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. लक्षद्वीप म्हणजे नेमकी किती बेटे आणि किती लोक?

सरकारी नोंदीनुसार एकूण ३६ बेटे आहेत आणि त्यांचे क्षेत्रफळ सुमारे ३२ चौरस किलोमीटर आहे. वस्ती दहा बेटांवर आहे : कवरत्ती, अगत्ती, अमिनी, आंद्रोत, कडमत, कल्पेनी, किल्तान, चेतलत, बित्रा आणि मिनिकॉय. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६४,४७३ होती. त्यांपैकी बित्रा बेटावर अवघे २७१ लोक होते. सर्वांत मोठे आंद्रोत बेटही पाच चौरस किलोमीटरांपेक्षा लहान आहे. केरळच्या किनाऱ्यापासून ही बेटे साधारण २२० ते ४४० किलोमीटर दूर आहेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्यांचा केंद्रशासित प्रदेश झाला आणि १९७३ मध्ये त्याला लक्षद्वीप हे नाव मिळाले.

पुढची उत्तरे वाचताना आणखी दोन आकडे लक्षात ठेवावेत. बेटांभोवतीची खाजणे, म्हणजे प्रवाळाच्या कड्याने अडवलेले उथळ पाणी, सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर पसरले आहे, आणि या बेटांमुळे भारताला सुमारे चार लाख चौरस किलोमीटरचे अनन्य आर्थिक क्षेत्र, म्हणजे ज्यातील मासे व इतर संपत्तीवर केवळ आपलाच हक्क असतो असा समुद्र, मिळते.

२. तेथील लोकांचा चरितार्थ कशावर चालतो?

चार गोष्टींवर : सरकारी नोकरी, नारळ, मासे आणि जहाजावरची नोकरी. पर्यटनाचे नाव सर्वांत जास्त ऐकू येत असले तरी घराघरांत पोहोचणाऱ्या उत्पन्नात त्याचे स्थान या चारांच्या मागे आहे. प्रशासन, शाळा, रुग्णालये, वीज, बंदरे आणि जहाजसेवा हे सारे सरकारी असल्यामुळे सरकार हाच बेटांवरचा सर्वांत मोठा रोजगारदाता आहे. नियमित पगार बहुतेक तेथूनच येतो. नारळाची झाडे बहुतेक कुटुंबांकडे थोडीफार असतात. मासेमारी मुख्यतः मिनिकॉय आणि अगत्ती येथे जोरात चालते. मिनिकॉयचे पुरुष तर कित्येक पिढ्यांपासून देशोदेशीच्या व्यापारी जहाजांवर खलाशी म्हणून जातात. त्यांच्या पाठीमागे घर, जमीन आणि गावचा कारभार तेथील स्त्रिया पाहतात, आणि त्या बेटाची रीतभात त्यावरच घडली आहे.

२०११ मध्ये साक्षरता ९१.८५ टक्के होती. शिकलेल्या मुलांच्या मानाने नोकऱ्या फार थोड्या असल्याने बरीच मुले शिक्षणासाठी केरळात जातात आणि पुढे सरकारी जागा निघण्याची वाट पाहतात. बेटांवरील बेरोजगारी ती हीच.

३. नारळापासून नेमके उत्पन्न कसे मिळते?

बेटांवर शेती म्हणजे जवळजवळ नारळच. जमीन प्रवाळाच्या वाळूची असल्याने भात पिकत नाही. केळी, शेवगा, नीरफणस आणि थोडी भाजी परसात होते. कोकणातल्या बागेत दोन माडांमध्ये जे अंतर राखले जाते, ते येथे अनेक ठिकाणी दिसत नाही. जागा मिळेल तेथे माड उभा असतो. फळ लहान असले तरी खोबऱ्यात तेलाचे प्रमाण चांगले असते, म्हणून विक्री मुख्यतः सुक्या खोबऱ्याची होते. माडाच्या नीरेपासून गूळ आणि व्हिनेगरही करतात.

काथ्याची कथा मात्र थोडी विस्ताराने सांगायला हवी. नारळाची सोडणे खाजणाच्या काठी वाळूत पुरून, वर दगड ठेवून, खाऱ्या पाण्यात अनेक महिने कुजवायची आणि मग लाकडी दांड्याने बडवून त्यांतून काथ्या काढायचा, हे काम पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांनी केले. केरळातील कण्णूरच्या अरक्कल राजघराण्याचे या बेटांवर राज्य होते, तेव्हा काथ्या हाच कर आणि काथ्या हेच चलन होते. बेटकऱ्यांनी तो राजाच्या वखारीलाच विकायचा, भाव वखारीने ठरवायचा आणि बदल्यात तांदूळ द्यायचा, अशी मक्तेदारी होती. काथ्याचा भाव कमी आणि तांदळाचा भाव जास्त ठेवला की राज्याचा दुहेरी फायदा होई. या जाचाला कंटाळून अमिनी गटातील बेटे अठराव्या शतकाच्या अखेरीस टिपू सुलतानाकडे गेली. १७९९ मध्ये टिपूच्या पाडावानंतर ती इंग्रजांच्या हाती येऊन मंगळूरच्या कारभाराखाली आली, आणि तेथेही काथ्याची सरकारी मक्तेदारी दीर्घकाळ चालूच राहिली. तांदूळ बाहेरून आणल्याशिवाय जगता येत नाही आणि तो आणणारा एकच आहे, हे संकट बेटांना किती जुने आहे ते यावरून कळते. आज प्रत्येक मोठ्या बेटावर पुरवठा व विक्री सहकारी संस्था आहे. तीच धान्य आणते आणि खोबरेही विकत घेते. तिच्यामागे व्यापाऱ्याची मनमानी मोडण्याचाच हेतू होता.

उंदीर हे येथील माडांचे जुने दुखणे आहे. कोवळी फळे ते झाडावरच पोखरतात, आणि माड दाट असल्यामुळे जमिनीवर न उतरता एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. माडावर चढून नारळ उतरवणारे पाडेली मिळणेही आता पूर्वीसारखे सोपे राहिलेले नाही. २०२० मध्ये केंद्राने लक्षद्वीपचे संपूर्ण शेतीक्षेत्र सेंद्रिय म्हणून जाहीर केले. त्यामुळे चांगला भाव मिळण्याची शक्यता निर्माण झाली, परंतु खोबरे मुख्य भूमीवर पोहोचवण्याचा खर्च त्याने कमी होत नाही.

४. मिनिकॉयची ट्यूना मासेमारी वेगळी आहे असे म्हणतात. ती कशी?

ट्यूना म्हणजे आपल्या किनाऱ्यावर ज्याला कुपा किंवा गेदर म्हणतात तो मासा. लक्षद्वीपमध्ये तो जाळ्याने न पकडता दांडी आणि गळाने, एकेक करून पकडतात. पहाटे खाजणातून बारीक जिवंत मासळी गोळा करायची, होडीच्या ज्या खणात समुद्राचे पाणी सतत खेळते त्यात ती जिवंत ठेवायची आणि मग कड्याबाहेर खोल समुद्रात जायचे. पाखरांचे थवे कोठे घिरट्या घालतात यावरून ट्यूनाचा थवा ओळखतात. थवा दिसला की जिवंत आमिष फेकतात आणि पाण्याचे फवारे उडवतात, त्यामुळे पृष्ठभागावर लहान मासळी उसळते आहे असे ट्यूनाला वाटते. होडीच्या मागच्या बाजूस ओळीने उभे असलेले मच्छीमार मग बिनकाट्याच्या गळाने मासा उचलून थेट फळ्यांवर टाकतात. गळाला काटा नसल्यामुळे मासा आपोआप सुटतो आणि दांडी लगेच पुन्हा पाण्यात जाते. कासव, डॉल्फिन किंवा नको असलेली मासळी या पद्धतीत जवळजवळ सापडत नाही.

ही विद्या मूळची मिनिकॉयची. तेथील लोक महल भाषा बोलतात, ती मालदीवच्या दिवेही भाषेची बहीण आहे, आणि मासेमारीची रीतही दोन्हीकडे एकच आहे. १९६० च्या दशकात यांत्रिक होड्या आल्यावर सरकारी मत्स्य विभागाने ती इतर बेटांवर पोहोचवली.

पकडलेला मासा ताजा विकण्याची सोय थोडी असल्याने त्याचे मासमीन करतात. मासा चिरून खारट पाण्यात उकळायचा, धुरी द्यायची आणि लाकडासारखा कडक होईपर्यंत उन्हात वाळवायचा. असा मासा बर्फाशिवाय अनेक महिने टिकतो. श्रीलंकेत त्याला पूर्वीपासून मागणी आहे. १९६९ पासून मिनिकॉयला ट्यूना डबाबंद करण्याचा कारखानाही आहे.

५. चार लाख चौरस किलोमीटर समुद्र हाताशी असताना मासेमारी मोठा उद्योग का झाली नाही?

हा हिशेब कागदावर जितका सरळ दिसतो तितका समुद्रावर नाही. होड्या लहान असतात आणि बहुधा सकाळी जाऊन संध्याकाळी परततात, त्यामुळे त्यांचा पल्ला बेटांभोवतीच्या पाण्यापुरता राहतो. पावसाळ्यात समुद्र खवळला की काही महिने मासेमारी जवळपास थांबते. बर्फ करायला वीज आणि गोडे पाणी लागते, आणि ही दोन्ही येथे महाग आहेत (प्रश्न ७). ताजा ट्यूना परदेशी बाजारात चांगल्या भावाने विकायचा तर तो काही तासांत थंड करून मुख्य भूमीवर पोहोचवावा लागतो. येथे जहाज कधी सुटेल याचीच खात्री नसते, म्हणून तोच मासा कमी भावाच्या मासमीनमध्ये जातो.

आणखी एक अडथळा सहज लक्षात येत नाही. सारी ट्यूना मासेमारी खाजणातल्या जिवंत आमिषावर अवलंबून आहे आणि ते आमिष प्रवाळाच्या आधाराने वाढते. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये समुद्राचे पाणी तापून येथील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. प्रवाळ क्षीण झाले की आमिष कमी होते, आणि आमिष नसेल तर खोल समुद्रात कितीही ट्यूना असला तरी होडी रिकामी परतते. बाहेरून मोठी ट्रॉलर जहाजे आणून हा समुद्र उपसावा, असे सुचवणाऱ्यांनी ही साखळी ध्यानात घ्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

६. बेटांवर वस्तू इतक्या महाग का असतात?

तांदूळ, डाळ, भाजी, सिमेंट, लोखंड, औषधे, डिझेल हे सर्व जहाजाने येते. कोची, कोळिकोडजवळचे बेपूर आणि मंगळूर ही त्यासाठीची बंदरे आहेत. भाड्यावर सरकारी सवलत असूनही माल बंदरात चढवणे, बेटाजवळ लहान बोटींत उतरवणे आणि किनाऱ्याला लावणे ही हमाली प्रत्येक पोत्यावर चढतेच. बऱ्याच बेटांवर मोठे जहाज थेट धक्क्याला लागू शकत नाही. ते कड्याबाहेर उभे राहते आणि माणसे व माल लाटांवर हलणाऱ्या छोट्या बोटींत उतरवावा लागतो. पावसाळ्यात हे काम अनेक दिवस बंद पडते, म्हणून पावसाआधीच धान्याचा साठा करून ठेवावा लागतो.

जहाजातली जागा हीच येथील खरी टंचाईची वस्तू आहे. प्रवासी जहाजांत सर्वांत मोठे असलेले एम.व्ही. कवरत्ती सातशे प्रवासी नेते. मुख्य भूमीपासूनचा प्रवास बेटानुसार साधारण १४ ते २० तासांचा असतो. एखादे जहाज दुरुस्तीला गेले की रुग्ण, विद्यार्थी, सरकारी कर्मचारी आणि पर्यटक एकाच तिकिटासाठी रांगेत येतात.

भाव कसा घडतो याचे एक उदाहरण पेट्रोलचे आहे. बेटांवर इंधनाचे डेपो उभारण्याचा भांडवली खर्च काही वर्षे लिटरमागे वसूल केला जात होता. ही वसुली संपल्यावर मार्च २०२४ मध्ये आंद्रोत आणि कल्पेनी येथे दर लिटरमागे सुमारे १५ रुपयांनी आणि कवरत्ती व मिनिकॉय येथे सुमारे पाच रुपयांनी उतरले.

७. वीज आणि पिण्याचे पाणी कोठून येते?

वीज अजूनही मुख्यतः डिझेल जनित्रांवर तयार होते आणि ते डिझेल जहाजाने येते. सौरऊर्जा वाढते आहे. कवरत्तीला बॅटरी साठवणुकीसह सौर प्रकल्प उभा राहिला आहे. जमिनीची टंचाई असल्यामुळे सौर तावदाने कोठे लावायची, हाच तेथे प्रश्न असतो.

पाण्याचे कोडे अधिक खोल आहे. बेटांवर नदी नाही, ओढा नाही. वर्षाला सुमारे १,६०० मिलिमीटर पाऊस पडतो. तो वाळूत मुरून खालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा एक पातळ थर तरंगत ठेवतो, आणि विहिरींना लागते ते पाणी याच थराचे. पंप लावून जास्त उपसा केला की खालचे खारे पाणी वर येते. शौचालयांचे शोषखड्डेही त्याच वाळूत असल्याने थर दूषित होतो.

यावर चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने काढलेला उपाय पाहण्यासारखा आहे. बेटाच्या कड्यापासून थोड्याच अंतरावर समुद्र एकदम खोल होतो. तेथे सुमारे साडेतीनशे मीटर खोलीवरचे थंडगार पाणी नळीने वर आणायचे, पृष्ठभागावरच्या कोमट पाण्याची कमी दाबाखाली वाफ करायची आणि त्या थंड पाण्याने वाफ निववून गोडे पाणी मिळवायचे. या पद्धतीचा पहिला प्रकल्प २००५ मध्ये कवरत्तीला सुरू झाला. त्याची क्षमता दिवसाला एक लाख लिटर होती. २०११ मध्ये मिनिकॉय आणि अगत्ती येथे असे प्रकल्प झाले आणि पुढे इतर बेटांवरही त्यांची उभारणी हाती घेण्यात आली. मात्र त्यांचे पंप चालवायलाही वीज लागते, म्हणजे हे पाणीसुद्धा शेवटी डिझेलच्या जहाजाशी बांधलेले आहे.

८. कारभाराचा खर्च कोण करते? लोक कर भरतात का?

लक्षद्वीपला विधानसभा नाही. राष्ट्रपतींनी नेमलेले प्रशासक कारभार पाहतात आणि संसदेत लोकसभेचा एक सदस्य असतो. खर्चाची तरतूद केंद्रीय अर्थसंकल्पातून, गृह मंत्रालयाच्या मागण्यांमधून होते. वित्त आयोग राज्यांना करातला जो वाटा ठरवून देतो तो येथे लागू नाही. संविधानाच्या अनुच्छेद २४० नुसार राष्ट्रपती या प्रदेशासाठी विनियम करू शकतात. वस्तू व सेवा कर मात्र येथेही आहे. केंद्रशासित प्रदेशांसाठीच्या २०१७ च्या कायद्यानुसार तो आकारला जातो आणि लक्षद्वीपचा संकेतांक ३१ आहे.

९. लक्षद्वीपचे दरडोई उत्पन्न किती आहे? कोठेच सापडत नाही.

सापडत नाही, कारण राज्यांच्या सकल उत्पन्नाची जी अधिकृत मालिका प्रसिद्ध होते तिच्यात लक्षद्वीपचा समावेश नसतो. त्यामुळे ‘बेटे श्रीमंत’ किंवा ‘बेटे गरीब’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्या आकड्यांकडे सावधपणे पाहावे. खलाशांनी घरी पाठवलेला पैसा, घरचे मासे आणि परसातला नारळ अशा हिशेबात तसाही पुरता येत नाही.

१०. भारतीय नागरिकालाही परवाना का लागतो?

मूळ रहिवासी नसलेल्या प्रत्येकाला प्रवेशासाठी आणि राहण्यासाठी परवाना लागतो. १९६७ च्या नियमांनी ही तरतूद केली आहे. उद्देश दुहेरी आहे : जवळजवळ संपूर्णपणे अनुसूचित जमातीचा असलेला हा समाज बाहेरच्या वस्तीच्या ओघापासून राखणे, आणि इवल्याशा बेटांवरचा भार मर्यादित ठेवणे. २०११ मध्ये लोकवस्तीची घनता दर चौरस किलोमीटरला दोन हजारांहून अधिक होती हे लक्षात घेतले तर दुसरा हेतू आपोआप पटतो. परदेशी पर्यटकांना ठरावीक बेटांवरच जाता येते.

११. लक्षद्वीप मालदीवसारखे का होऊ शकत नाही?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो. दोन्हीकडे प्रवाळबेटे आहेत आणि निळे पाणी आहे, एवढ्यावर तुलना केली जाते. मालदीवकडे सुमारे बाराशे बेटे आहेत आणि वस्ती त्यांतल्या साधारण दोनशेंवर आहे. त्यामुळे १९७२ मध्ये पहिले रिसॉर्ट सुरू झाल्यापासून तेथे ‘एक ओसाड बेट, एक रिसॉर्ट’ ही रीत चालवता आली : गावे एकीकडे, पर्यटक दुसरीकडे. आता तेथे वर्षाला वीस लाखांच्या आसपास पर्यटक येतात. लक्षद्वीपची सगळी मिळून ३६ बेटे आहेत आणि निर्जन बेटांतली बरीचशी वाळूचे पट्टे म्हणावीत इतकी लहान आहेत. पराली गटातले एक बेट तर लाटांनी खाऊन नाहीसे झाल्याचे २०१७ मध्ये एका अभ्यासातून पुढे आले. म्हणजे येथे पर्यटन वाढवायचे तर ते मोठ्या प्रमाणात गावांच्या विहिरींवर आणि गावांच्या जहाजांवरच येणार.

पर्यटन नकोच, असे येथे कोणी म्हणत नाही. बंगाराम हे रिसॉर्टचे बेट १९७४ मध्ये परदेशी पर्यटकांना खुले झाले, १९८२ मध्ये पर्यटनासाठी सरकारी संस्था स्थापन झाली आणि १९८८ मध्ये अगत्तीचा विमानतळ सुरू झाला. त्याची धावपट्टी सुमारे १,२०० मीटरचीच असल्याने तेथे लहान विमानेच उतरतात. किती पर्यटक सोसतील, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१२ मध्ये न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींनुसार एकात्मिक बेट व्यवस्थापन आराखडा आला आणि प्रत्येक बेटाची पेलण्याची क्षमता पाहूनच बांधकाम व्हावे, हे तत्त्व मान्य झाले. माझ्या मते हा आराखडा बाजूला ठेवून आखलेली कोणतीही योजना बेटांना परवडणारी नाही. पाण्यावरचे बंगले खाजणात खांब रोवूनच उभे राहतात, आणि त्याच खाजणात ट्यूनाचे आमिष वाढते (प्रश्न ५).

१२. तेथे दारूबंदी आहे का? त्यामुळे पर्यटन अडते का?

होय, वस्तीच्या बेटांवर दारूबंदी आहे. लोकसंख्येत ९६ टक्क्यांहून अधिक मुस्लिम आहेत आणि बंदीला स्थानिक पाठिंबा आहे. बंगाराम या रिसॉर्टच्या बेटावर पर्यटकांसाठी सूट दिलेली आहे. पर्यटन अडते ते प्रामुख्याने तिकीट, पाणी आणि खोल्यांच्या मर्यादेमुळे.

१३. मला तेथे जमीन किंवा घर विकत घेता येईल का?

नाही. १९६५ च्या जमीन महसूल व कूळवहिवाट विनियमाने अनुसूचित जमातीच्या रहिवाशांची जमीन बाहेरच्या व्यक्तीला हस्तांतरित करण्यावर निर्बंध घातले आहेत आणि प्रशासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय असा व्यवहार वैध ठरत नाही. ‘लक्षद्वीपमध्ये प्लॉट’ अशी जाहिरात दिसल्यास एक पैसाही देऊ नये.

१४. मग मोठ्या हॉटेल कंपन्यांना जागा कशी मिळते?

प्रशासन निविदा काढून सरकारी जागा ठरावीक मुदतीच्या भाडेपट्ट्याने देते. इंडियन हॉटेल्स कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये सुहेली आणि कडमत येथे ताज हॉटेले उभारण्याचे जाहीर केले.

येथे एक गुंतागुंत आहे. अरक्कल राजाच्या खजिन्याच्या मालकीची मानली जाणारी जमीन ‘पंडारम’ म्हणून ओळखली जाते. पुढे ती सरकारकडे आली, तरी कसणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या तीवर माड लावत आली आहेत. सरकार तिला आपली म्हणते, कसणारे आपला हक्क सांगतात. २०२१ मध्ये विकास प्राधिकरणाच्या विनियमाचा मसुदा आला तेव्हा जमीन संपादनाच्या भीतीने बेटांवर मोठा विरोध झाला. त्या विरोधाकडे पाहताना हा इतिहास आठवावा. ज्याच्याकडे एकूण अर्धा एकरही जमीन नाही त्याला पर्यायी जमीन देण्यासाठी बेटावर दुसरी जागाच नसते.

१५. शुक्रवारची आणि सोमवारची मालमत्ता हा काय प्रकार आहे?

मिनिकॉय वगळता इतर बेटांवर मातृवंशीय कुटुंबपद्धती रूढ आहे. आईकडून चालत आलेल्या एकत्र कुटुंबाच्या, म्हणजे तरवाडाच्या, सामायिक मालमत्तेला ‘शुक्रवारची’ आणि व्यक्तीने स्वतः मिळवलेल्या मालमत्तेला ‘सोमवारची’ म्हणतात. शुक्रवारची मालमत्ता रूढीनुसार वाटून विकता येत नाही. सोमवारच्या मालमत्तेची विल्हेवाट ज्याची त्याला लावता येते. एकाच बागेतले दोन माड दोन वेगळ्या हक्कांचे असू शकतात, आणि म्हणूनच तारण ठेवून कर्ज घेणे किंवा बागेत नवी लागवड करणे हा अनेकांच्या संमतीचा विषय होतो.

१६. मूल मुख्य भूमीवर जन्मले तर त्याचे हक्क जातात का?

मूळ आदेशानुसार, जी व्यक्ती आणि जिचे आईवडील दोघेही बेटांवर जन्मले असतील तीच अनुसूचित जमातीची मानली जाई. कठीण बाळंतपणासाठी कोचीला न्यावे लागणाऱ्या स्त्रियांच्या मुलांवर यामुळे अन्याय होत होता. पुढे दुरुस्ती करून अशी सोय झाली, की बेटांवरील रहिवाशांचे मूल मुख्य भूमीवर जन्मले, पण ते कायमचे बेटांवर राहू लागले, तर ते बेटांवर जन्मल्याचे मानावे. नोकरी, शिक्षणातील राखीव जागा आणि जमीन (प्रश्न १३) या साऱ्यांशी याचा संबंध असल्याने हा मुद्दा कुटुंबांसाठी महत्त्वाचा आहे.

१७. मोठी जहाजे शेजारूनच जातात. मग तेथे बंदर करून पैसा का मिळवत नाहीत?

मिनिकॉय आणि उत्तरेकडील बेटे यांच्यामधून जाणारा नऊ अंश जलमार्ग सुएझ व आखातातून आग्नेय आशियाकडे जाणाऱ्या जहाजांचा गजबजलेला रस्ता आहे, हे खरे. पण कंटेनर उतरवून दुसऱ्या जहाजात चढवण्याच्या बंदराला खोल धक्का, शेकडो एकर सपाट जमीन, भरपूर वीज आणि गोडे पाणी लागते. यांतली एकही गोष्ट येथे नाही. धक्का खोल करायचा तर प्रवाळाचा कडा फोडावा लागेल, आणि तोच कडा बेटाला लाटांपासून वाचवतो. असे काम करणारे विळिंजमचे बंदर २०२४ मध्ये केरळात सुरू झाले आहे. या जलमार्गाचे सामरिक मोल मात्र मोठे आहे. मार्च २०२४ मध्ये मिनिकॉयला नौदलाचा आयएनएस जटायू हा तळ कार्यान्वित झाला.

१८. समुद्राखालच्या केबलने काही फरक पडला का?

पडला आहे. पूर्वी सारी इंटरनेट सेवा उपग्रहावर अवलंबून होती, संथ आणि तुटपुंजी. कोची ते बेटे अशी १,८०० किलोमीटरहून लांब ऑप्टिकल केबल जानेवारी २०२४ मध्ये राष्ट्राला अर्पण झाली. ज्या उद्योगाला जहाजातली जागा लागत नाही असा एकमेव उद्योग म्हणजे घरी बसून संगणकावर करायचे काम, आणि शिकलेल्या मुलांसाठी मला सर्वांत मोठी आशा तेथेच दिसते.

१९. महाराष्ट्र आणि गोव्याशी या अर्थकारणाचा काही संबंध आहे का?

थेट व्यापार थोडा आहे, कारण सारी मालवाहतूक केरळ आणि मंगळूरकडून होते. गोव्यातील मोपा येथून अगत्तीला विमानसेवा २०२४ मध्ये सुरू झाली, आणि मुंबईहून निघणाऱ्या क्रूझही लक्षद्वीपला जातात. मात्र क्रूझवरचा प्रवासी जहाजावरच जेवतो आणि झोपतो, त्यामुळे बेटावर त्याचा खर्च फार होत नाही.

खरा जुना धागा नारळाचा आहे. कोकणातले बागायतदार ज्याला ‘लक्षद्वीप ऑर्डिनरी’ किंवा ‘चंद्रकल्पा’ म्हणतात, ते वाण मूळ याच बेटांवरचे. खोबऱ्यात तेल अधिक असल्यामुळे बाणवलीबरोबर त्याचीही कोकणात शिफारस केली जाते. रत्नागिरीच्या एखाद्या बागेत उभा असलेला हा माड त्या वाळूतूनच आलेला आहे.

२०. परत येताना शंख, प्रवाळ किंवा समुद्रकाकडी आणता येते का?

प्रवाळाचा तुकडा, जिवंत किंवा मेलेला, उचलणे बेकायदा आहे. अनेक जातींचे शंखही संरक्षित आहेत, म्हणून किनाऱ्यावरून काहीच न उचलणे उत्तम. समुद्रकाकडी हा समुद्रतळावरचा प्राणी २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घालण्यात आला. पूर्व आशियात समुद्रकाकडीला मोठा भाव मिळत असल्याने तिची तस्करी होते आणि ती रोखण्यासाठी २०२० मध्ये चेरियापाणी येथे तिच्यासाठी खास संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झाले. आणायचेच असेल तर सहकारी संस्थेच्या दुकानातून मासमीन, नारळाचा गूळ किंवा खोबरेल घ्यावे. बोटीतून उतरताना हात मोकळे लागतात, म्हणून सामान खांद्यावर अडकवता येईल असे बांधावे.